‘गागिक पहिला’ म्हणजे नक्की कोणता?

अख्तामारच्या आर्मेनियन चर्चच्या भिंतीवर कोरलेल्या राजाच्या फोटोखाली ‘गागिक पहिला, आनीचा राजा, 989’ असं छापलंय, पण चर्च तर 915 ते 921 मधलं, मग हा घोळ काय, असं तुम्ही विचारलंय. वर्ष चुकलेलं नाही, माणूसच दुसरा आहे.

आर्मेनियन राजांचे क्रमांक घराण्यागणिक नव्याने सुरू होतात. त्यामुळे ‘गागिक पहिला’ दोन आहेत. एक आर्त्स्रुनी घराण्यातला, वासपुराकान या आर्मेनियन राज्याचा, 908 साली राजा झालेला. वान सरोवरातल्या बेटावरचं अख्तामारचं चर्च त्याचं. दुसरा बाग्रातुनी घराण्यातला, आनी या राजधानीचा, 989 मध्ये गादीवर आलेला. आपल्याकडे ‘शाहू महाराज’ म्हटलं की साताऱ्याचे की कोल्हापूरचे, हे विचारावं लागतं, तसंच.

खरी गोची पुढे आहे. दोघेही हातात चर्चची प्रतिकृती घेऊन उभे! म्हणून ‘प्रतिकृतीवाला गागिक’ ही खूण कुचकामी. डोकं आणि प्रतिकृतीचा आकार पाहा. अख्तामारच्या पश्चिम भिंतीवर मुकुटधारी राजा आहे, त्याच्याबरोबर ख्रिस्तही कोरलाय, आणि प्रतिकृती त्या चर्चचीच. आनीचा गागिक म्हणजे सुटा पुतळा, सव्वादोन मीटर उंच, डोक्यावर भलामोठा फेटा. त्याची प्रतिकृती गोल आणि मजल्यामजल्यांची, कारण त्याचं चर्च ज़्वार्तनोत्स या जुन्या गोलाकार आर्मेनियन चर्चच्या धर्तीवर बांधलेलं होतं. हा पुतळा 1906 मध्ये पुरातत्त्वज्ञ निकोलाय मार यांच्या उत्खननात सापडला आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत नाहीसा झाला. त्यामुळे ‘आनीच्या गागिकच्या पुतळ्या’चा कोणी आजचा रंगीत फोटो दाखवला तर समजून जा.

एका मोठ्या छायाचित्रसंग्रहात हीच अदलाबदल वर्षानुवर्षं तशीच आहे. दुरुस्ती सुचवली की ठोकळेबाज आभाराचं पत्र येतं, मथळा जागच्या जागी. तिथून उचललेली चूक पुढे किती ठिकाणी गेली, मोजणं सोडून द्यावं.

माझं मत (इतिहासाचे प्राध्यापक असहमत होतील): मथळ्यात क्रमांक लिहूच नका. नाव, घराणं, राज्य, राज्यारोहणाचं वर्ष, बस्स. शोधतानाही ‘आर्त्स्रुनी’ किंवा ‘बाग्रातुनी’ हा शब्द जोडा.

आनीचाच पुढचा राजा ‘गागिक दुसरा’ आणि कार्स या दुसऱ्या आर्मेनियन राज्याचा गागिक यांचाही असाच गोंधळ होतो, कारण दोघांचीही राज्यं बायझंटाइन साम्राज्याकडे गेली: आनी 1045 मध्ये, कार्स 1064 मध्ये. चित्रात राजा, राणी आणि मुलगी गालिच्यावर मांडी घालून बसलेली दिसली तर तो कार्सचा.

शिलालेखातलं आर्मेनियन वर्ष दिसलं तर इसवी सन काढायला 551 मिळवा. मात्र त्यांच्या वर्षाला लीप दिवस नसल्याने नववर्ष मागे सरकत जातं. 450 हे वर्ष मार्च 1001 मध्ये सुरू होतं, म्हणजे त्या वर्षातली फेब्रुवारीतली घटना 1002 मधली.