महिलांसाठी राखीव जागा आणि ट्रान्स स्त्रिया: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली, रेल्वेचा लेडीज डबा, नदीवरचा घाट, धावण्याचा ट्रॅक. यावेळच्या पत्रांत जागा वेगवेगळ्या आहेत, पण वाद एकच: महिलांसाठी राखलेल्या जागेत ट्रान्स स्त्रियांनी यावे का? उत्तरांत आम्ही काही शब्द नेमक्या अर्थाने वापरले आहेत. शरीराचे ते जैविक लिंग. माणूस स्वतःला स्त्री, पुरुष किंवा आणखी काही म्हणून ओळखतो ती लिंगओळख. जन्मनोंद मुलगा अशी झालेली, पण स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती ती ट्रान्स स्त्री. आंतरलिंगी व्यक्ती यांहून वेगळ्या. त्यांच्या शरीराची घडणच जन्मतः ठरलेल्या दोन साच्यांत बसत नाही. मराठीत या सगळ्यांना ‘लिंग’ हा एकच शब्द पुरवावा लागतो, त्यामुळे बरीच भांडणे शब्दांवरच अडून राहतात.

प्रश्न: नाशिकमध्ये सातपूरला आमचा छोटा कारखाना आहे. 60 महिला कामगार आहेत. नव्या भरतीत एका ट्रान्स स्त्रीची निवड झाली. महिलांच्या टॉयलेटमध्ये ती आलेली काही जणींना नको आहे आणि पुरुषांकडे जायला ती घाबरते. कायदा काय सांगतो आणि सोमवारपासून आम्ही करायचे काय?

1948 च्या कारखाना कायद्यात कलम 19 खाली स्त्री आणि पुरुष एवढेच दोन विभाग होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत शौचालये, आंघोळीच्या जागा आणि लॉकर रूम पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र असाव्यात असे म्हटले आहे. म्हणजे ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ हे उत्तर मालकाला आता देता येत नाही.

सोमवारचे आधी. ऑफिसात किंवा पाहुण्यांसाठी एकट्याने वापरायचे टॉयलेट असेल, तर बांधकाम होईपर्यंत ते तिच्यासाठी खुले करा. किल्ली सुपरवायझरकडे ठेवू नका. दर वेळी किल्ली मागायची म्हणजे दर वेळी चारचौघांत सांगायचे.

मग बांधकाम. पूर्ण भिंतीची, एका वेळी एकानेच वापरायची खोली बांधा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत शौचालयाचे किमान क्षेत्र 1.1 चौरस मीटर आणि किमान रुंदी 0.9 मीटर आहे. हात धुण्याचे बेसिन आतच हवे असेल तर याहून मोठी जागा सोडा, आणि बेसिन आतच हवे, कारण नजरा आणि टोमणे बहुधा बाहेरच्या बेसिनपाशीच असतात. भिंत छतापर्यंत न्या आणि हवेसाठी एक्झॉस्ट पंखा बसवा. कडी आतून लावली की बाहेर लाल खूण दिसेल अशी घ्या. आत एक हुक आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा ठेवा. खोली इतर टॉयलेटांच्याच रांगेत असू द्या. ती सिक्युरिटी केबिनमागे बांधली तर दहा मिनिटांची सुट्टी जाण्यायेण्यातच संपते, आणि महिन्याभरात तिथे झाडू, बादल्या, रिकामे ड्रम ठेवले जातात.

सगळ्यात नेहमीची चूक अशी की, महिलांच्या टॉयलेटांपैकी एकावर नवी पाटी लावून मोकळे व्हायचे. महाराष्ट्राच्या कारखाना नियमांतले 25 महिलांमागे एक शौचालय हे प्रमाण धरले, तर तुमच्या 60 जणींना तीन लागतात. त्यांतले एक काढले की त्यांच्या रांगा वाढतात आणि त्याचा राग थेट त्या नव्या कामगारावर निघतो. जागा महिलांच्या वाट्यातून घेऊ नका. स्टोअरचा कोपरा घ्या, व्हरांडा घ्या.

विरोध करणाऱ्या महिलांशी वेगळे बसून बोला, पण त्या स्त्रीला सर्वांपुढे उभे करून हात वर करायला सांगू नका. नेमके काय खटकते ते विचारा. अनेकदा अडचण टॉयलेटची नसते, गणवेश बदलायच्या उघड्या लॉकर रूमची असते. तिथे पडद्याच्या तीन-चार खोपट्या केल्या तर सगळ्याच जणींची सोय होते. तिचे ऑपरेशन झाले आहे का, गोळ्या चालू आहेत का, हे कुणालाही विचारू देऊ नका, आणि तुम्हाला माहीत असेल तर सांगूही नका. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यातल्या कलम 11 प्रमाणे तक्रार अधिकारी नेमावा लागतो. महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याची अंतर्गत समिती असतेच. दोन्हींची नावे एकाच फलकावर लावा.

प्रश्न: मी इंदिरानगरला राहते. ट्रान्स स्त्रियांबद्दल माझ्या मनात राग नाही. पण पोहायला गेल्यावर महिलांच्या चेंजिंग रूममध्ये पुरुषाचे शरीर असलेली व्यक्ती नको वाटते. असे म्हटले की लोक मला मागास म्हणतात. हा द्वेष आहे का?

नाही. महिलांसाठी वेगळ्या जागा कशासाठी आल्या ते आठवा. लैंगिक गुन्ह्यांतले आरोपी बहुतांशी पुरुष असतात, आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याचा उपाय बाईकडे नसतो. म्हणून नियम माणसागणिक न करता सरसकट केला गेला: इथे पुरुष नकोत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 15(3) ने अशा खास तरतुदींना जागा दिली आहे. ज्यांच्या शरीराबाबत हा नियम आला, त्यांतले काही जण स्त्री म्हणून जगतात आणि त्यांनाही पुरुषांपासूनच धोका असतो. इथे दोन खऱ्या गरजा समोरासमोर येतात, आणि त्यातली एक खोटी ठरवून प्रश्न सुटत नाही.

जागेचा प्रकार मात्र पाहायला हवा. कडी असलेल्या बंद टॉयलेटमध्ये शेजारच्या कप्प्यात कुणाचे शरीर कसे आहे याने फारसा फरक पडत नाही. चार भिंतींत आडोसा नसताना अनेक जणी एकत्र कपडे उतरवतात तिथे पडतो. अशा जागी शरीर पाहून विभागणी मागण्याचा तुमचा हक्क आम्हाला रास्त वाटतो. तलाव चालवणाऱ्यांकडे तो असा मागा: प्रत्येकीला बंद खोपटी हवी आणि उघड्या भागात कुणीच कपडे उतरवू नयेत असा लेखी नियम हवा.

दारावर ‘दिसण्यावरून’ पारख करायला मात्र सांगू नका. आवाज जाड, केस आखूड, हनुवटीवर लव अशा बायका पहिल्या अडवल्या जातात, आणि पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारामुळे चेहऱ्यावर केस येणाऱ्या मुली आपल्याकडे घरोघरी आहेत.

गैरवर्तनाचे म्हणाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये खासगी क्षणी स्त्रीला चोरून पाहणे किंवा त्याचे चित्रण करणे हा गुन्हा आहे. पहिल्यांदा 1 ते 3 वर्षे, पुन्हा केल्यास 3 ते 7 वर्षे कैद. जुन्या दंड संहितेत तिथे ‘कोणताही पुरुष’ असे शब्द होते, आता ‘जो कोणी’ असे आहेत. साडी नेसली होती किंवा ओळखपत्र होते, हा त्यावर बचाव नाही.

प्रश्न: पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाते. लेडीज डब्यात ट्रान्स स्त्री बसली तर टीसीने तिला उतरवायचे का?

रेल्वे कायदा, 1989 चे कलम 162 महिलांसाठी राखीव डब्यात कारण नसताना शिरलेल्या पुरुष व्यक्तीला लागू होते: 500 रुपयांपर्यंत दंड, तिकीट किंवा पास जप्त, आणि रेल्वे कर्मचारी त्या पुरुषाला डब्यातून काढू शकतो. कलमात ट्रान्स स्त्रीचा उल्लेख नाही. आरक्षणाच्या अर्जात ट्रान्सजेंडर असा वेगळा पर्याय आहे, पण तो नोंदीपुरता. निर्णय रेल्वे कर्मचाऱ्याचा. प्रवाशांना कुणाची कागदपत्रे मागता येत नाहीत, ढकलता तर मुळीच येत नाही. त्रास होत असेल तर 139 वर कळवा आणि तक्रारीत वागणूक लिहा, पेहराव नको.

प्रश्न: ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्त्री म्हणजे जैविक स्त्री’ असा निकाल दिल्याचा मेसेज सगळीकडे फिरतो आहे. तो आपल्याकडे चालेल का?

16 एप्रिल 2025 चा तो निकाल खरा आहे. पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की ब्रिटनच्या समानता कायदा, 2010 मधल्या ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ या शब्दांचा अर्थ जैविक लिंग असाच आहे. मेसेजमध्ये गाळलेला भाग असा, की लिंगबदलाच्या कारणावरून होणाऱ्या भेदभावापासून ट्रान्स व्यक्तींना त्याच कायद्याचे संरक्षण आहे, हेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे.

तो अर्थ त्यांच्या कायद्यातल्या शब्दांचा आहे, आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. त्यांच्या कायद्यात केवळ स्त्रियांसाठी किंवा केवळ पुरुषांसाठी सेवा कधी ठेवता येते याच्या तपशीलवार तरतुदी आहेत. आपल्या 2019 च्या कायद्यात महिलांच्या राखीव जागांवर एकही कलम लिहिलेले नव्हते. आपल्याकडचे निकाल वेगळ्या वाटेने गेले. 15 एप्रिल 2014 च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीला दिला. नाशिक विभागातलेच उदाहरण सांगायचे तर जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत महिला राखीव जागेवर एका ट्रान्स उमेदवाराचा अर्ज नाकारला गेला होता. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. मात्र निवडणुकीची जागा आणि कपडे बदलायची खोली या एक गोष्ट नाहीत. एकीचा निकाल दुसरीला जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

प्रश्न: मी ट्रान्स स्त्री आहे, पंचवटीत राहते. पे अँड यूज शौचालयात महिलांच्या बाजूला जाऊ देत नाहीत. पुरुषांच्या बाजूला अंगचटी येतात. मी दिवसभर पाणीच पीत नाही.

पाणी तोडू नका, हे पहिले. कमी पाणी आणि तासन्‌तास लघवी रोखणे यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, खडे होतात. जळजळ, ताप किंवा पाठीत दुखणे असेल तर दुकानातून गोळी न घेता लघवीची तपासणी करून घ्या.

तुमच्या बाजूने असलेले आधार असे. नाल्सा निकालाने सरकारांना वेगळी सार्वजनिक शौचालये उभारण्याचा आदेश दिला. एप्रिल 2017 मध्ये स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण मार्गदर्शक सूचनांत ट्रान्स व्यक्तींना आपल्या पसंतीचे शौचालय वापरू द्यावे असे म्हटले. 2019 च्या कायद्याच्या कलम 18 ने सार्वजनिक जागेत प्रवेश अडवणे हा गुन्हा ठरवला, शिक्षा 6 महिने ते 2 वर्षे. ‘महिलांच्याच बाजूला जाण्याचा हक्क’ असे नेमके वाक्य मात्र यांपैकी कुठल्याही कायद्यात नाही. म्हणून दारावर कायदा सांगत बसण्यापेक्षा ‘एकट्याचे, कडीचे शौचालय दाखवा’ ही मागणी करा. अपंगांसाठीचे टॉयलेट कुलूपबंद असेल तर ते उघडायला सांगा.

नकार मिळाला की तारीख, वेळ, ठिकाण आणि कर्मचाऱ्याचे शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही. कुणी अंगाला हात लावला तर 112. ओळखपत्रासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे राष्ट्रीय पोर्टलवरून जातो. पोर्टलवरचे चालू नियम वाचल्याशिवाय प्रतिज्ञापत्रावर खर्च करू नका.

प्रश्न: माझी मुलगी 800 मीटर धावते. मुलींच्या गटात ट्रान्स मुली उतरल्या तर?

इथे आमचे मत स्पष्ट आहे. मुलींचा गट आहे तो शरीरामुळे. वयात येताना मुलग्यांची उंची, हाडे, स्नायू आणि हिमोग्लोबिन वाढते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक औषधांनी दाबल्यावर हिमोग्लोबिन काही महिन्यांत खाली येते, स्नायूंची ताकद फार सावकाश कमी होते, आणि उंची राहतेच. पुरुषी वाढ झालेल्या ट्रान्स स्त्रियांना वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेने मार्च 2023 मध्ये महिला गटातून वगळले. 1 सप्टेंबर 2025 पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटासाठी एसआरवाय या पुरुषी वाढ सुरू करणाऱ्या जनुकाची आयुष्यात एकदाच करायची चाचणी आणली. त्यासाठी गालाच्या आतला नमुना किंवा रक्त पुरते.

शाळा किंवा जिल्हा पातळीवर कुणी शिक्षक असल्या ‘तपासण्या’ करू लागला तर मुलीला तिथून घेऊन या. 2006 च्या दोहा एशियाडमध्ये 800 मीटरचे रौप्य मिळवलेल्या शांती सौंदराजनचे पदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले आणि चाचणीची गोष्ट जगभर झाली. ती ट्रान्स नव्हती. मुलगी म्हणूनच वाढली होती. टेस्टोस्टेरॉनच्या नियमावरून रोखलेल्या धावपटू द्युती चंदने आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात दाद मागितली, म्हणून 2015 च्या निकालानंतर तिला परत धावता आले. नियम स्पर्धेआधी लेखी हवा, चाचणी डॉक्टरांकडे हवी आणि अहवाल फक्त मुलगी व पालकांच्या हाती.

प्रश्न: आमचे मंडळ सिंहस्थात घाटावर महिलांसाठी कपडे बदलायच्या खोल्या उभारणार आहे. किन्नर आखाड्याचे भाविकही येतील. व्यवस्था कशी करावी?

अनुच्छेद 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट ही नावे आहेतच: लिंगावरून तिथे कुणाला अडवायचे नाही. उज्जैनच्या 2016 च्या कुंभापासून किन्नर आखाडा स्नानाला येतो, तेव्हा आयत्या वेळी धावपळ नको.

दोन रांगा करा. मोठी रांग फक्त महिलांची, आतही प्रत्येकीला स्वतंत्र कप्पा. थोड्या अंतरावर सर्वांसाठी एकेकट्या कप्प्यांची छोटी रांग. ती ट्रान्स भाविकांना लागेल, आणि म्हाताऱ्या बायकोला धरून आलेल्या आजोबांना, लहान मुलीला घेऊन आलेल्या बापालाही. कप्पा एक मीटर बाय एक मीटर पुरतो. आधार लागणाऱ्यांसाठी एक-दोन कप्पे दीडपट ठेवा आणि दार 900 मि.मी. रुंद करा.

पातळ ताडपत्री वापरू नका. पहाटे आत दिवा लागला की बाहेर सावली स्पष्ट दिसते. दुहेरी गडद कापड किंवा पत्रा घ्या, दिवा डोक्यावर छताला लावा. छत झाकलेच पाहिजे, कारण वरच्या पायऱ्यांवरून आणि पुलावरून सरळ आत दिसते. शिरायची वाट एल आकाराची ठेवा म्हणजे पडदा उडाला तरी आतले दिसत नाही. कापड जमिनीपासून बोटभरच वर हवे. वीतभर फट राहिली की तिथून मोबाइल आत सरकतो. जमिनीला उतार आणि चर द्या, नाहीतर ओल्या वस्त्रांच्या पाण्याचा चिखल होऊन बायका बाहेरच कपडे बदलू लागतात. स्वयंसेविका दोन-दोन तासांच्या पाळीने नेमा. त्यांनी चेहरे निरखायचे नाहीत. रांग, मोबाइल आणि कड्या यांवर लक्ष ठेवायचे.