दहापर्यंत मोजायचं, आणि पुन्हा एकपासून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तीन पानांतली अडीच पानं लिंक (गाड्यांवरच्या ड्यूटीचा क्रम), रजा आणि मेसच्या जेवणावर आहेत. खरं काय ते शेवटच्या पाच ओळींत आलंय. तीन आठवड्यांपूर्वी रूळ ओलांडणारा माणूस तुमच्या इंजिनापुढे आला. तेव्हापासून तुला धड झोप नाही. रनिंग रूममध्ये, म्हणजे आपल्या विश्रांतीच्या जागेत, कुणी म्हणालं, ध्यान कर, सगळं विसरशील. आणि मग एकच प्रश्न: काका, ध्यान करतात कसं?

त्या पाच ओळी मी दोनतीनदा वाचल्या. म्हणून आधी ध्यानाचं राहू दे, तुझं बोलू.

ताशी शंभरने पळणारी गाडी इमर्जन्सी ब्रेक लावल्यावरही कित्येकशे मीटर पुढे जाते. हे तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. पण रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलं की शिकवलेलं काही आठवत नाही. हॉर्न दोन सेकंद आधी वाजला असता तर, एवढंच डोक्यात फिरत राहतं. माझ्याही फिरत होतं. कॅबमध्ये तुम्ही दोघांनी जे करायचं ते केलंत, हे मी तुला पत्रातून सांगतोय आणि भेटशील तेव्हा समोर बसवूनही सांगेन.

दुसरं म्हणजे, झोप उडून तीन आठवडे झालेत, तर रेल्वेच्या डॉक्टरांकडे जा आणि जे झालं ते स्वच्छ सांग. ‘जरा झोप कमी आहे’ असं म्हणून गोळी घेऊन येऊ नकोस. काय पाहिलंस ते सांग. याला वेगळे डॉक्टर असतात, ते बोलायला बसतात. आमच्या वेळी असं काही करायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ध्यानाने झोपेची भरपाई होत नाही, आणि ते विसरण्याचं औषधही नाही. हे कळेपर्यंत माझी दोन वर्षं गेली.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. तेव्हा आम्हाला ड्रायव्हरच म्हणत, लोको पायलट हा शब्द पुढे आला. पावसाळ्याचे दिवस होते, आसनगावच्या अलीकडे, पहाटेची वेळ. बाकी तुला सांगायला नको. त्यानंतर महिन्याभराने मी घरी एक सतरंजी अंथरली, मांडी घातली, डोळे गच्च मिटले आणि ठरवलं की तासभर मनात काही येऊ द्यायचं नाही. पहिल्याच मिनिटाला तेच दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दिवसांत सतरंजी गुंडाळून ठेवली. मला वाटलं, आपलं मनच नासकं आहे, हे आपल्यासारख्यांचं काम नाही.

चूक मनाची नव्हती. मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. पुढे बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनावर, काम करणारे एक सीनियर ड्रायव्हर भेटले. कसाऱ्याला बँकर लागायची वाट बघत आम्ही बोलत होतो. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मन रिकामं करायला कुणी सांगितलं तुला? ते होत नसतं. श्वास मोज. दहापर्यंत. चुकलास की एकपासून.’ बस्स, एवढंच. आज मी तुला त्याहून जास्त शिकवू शकत नाही, फक्त पसरून सांगू शकतो.

तर बसायचं कसं? रनिंग रूमच्या खाटेवर बसू नकोस, शरीराला ती जागा झोपेची म्हणून माहीत आहे. खुर्चीवर बस. पाठ टेकायची नाही, पण ताणून ताठही करायची नाही. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, हात मांडीवर. मांडीच घालायची असेल तर ब्लँकेटची घडी करून बुडाखाली घे. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली की पाठ आपोआप सरळ राहते. पद्मासनाच्या नादी लागू नकोस. पायाला मुंग्या आल्या तर पाय सावकाश सोडव, आणि लगेच उठून उभा राहू नकोस, बधिर पायावर माणूस पडतो.

डोळे सध्या मिटायचे नाहीत. हे तुझ्यासाठी मुद्दाम सांगतोय. नजर दोन-अडीच हात पुढे जमिनीवर सैल सोडून दे. मी डोळे गच्च मिटले म्हणून तो पहाटेचा अंधार माझ्यापुढे उभा राहिला.

आता श्वास. तो घ्यायचा नाही, येतोय तो बघायचा. नाकपुड्यांच्या कडेला गार हवा आत जाताना लागते, बाहेर येताना किंचित ऊबदार. तिथे नाही कळलं तर पोट वर-खाली होतंय तिथे लक्ष ठेव. श्वास बाहेर गेला की मनात ‘एक’. पुढचा गेला की ‘दोन’. दहापर्यंत जायचं आणि पुन्हा एकपासून. तू सातवर असताना अचानक लक्षात येईल की आपण मोजत नाही आहोत, कल्याण लॉबीतल्या, ड्यूटी नोंदवतो तिथल्या, त्या भांडणाचा विचार करतोय. किंवा अजून वाईट, लक्षात येईल की आपण एकोणीसवर पोहोचलोय. तेव्हा ‘एक’ म्हणायचं. कपाळाला हात लावायचा नाही, सुस्कारा सोडायचा नाही, नुसतं ‘एक’.

माझं सांगणं काय आहे ते इथेच आहे, म्हणून जरा थांबून वाच. मन भटकलं हे तुला ज्या क्षणी कळलं, तो क्षण म्हणजेच ध्यान. दहापर्यंत बिनचूक जाणं हे ध्यान नव्हे. पाच मिनिटांत तू वीस वेळा भटकलास आणि वीस वेळा परत आलास, तर तुझी बैठक चांगली झाली. उलट डोळ्यांवर गुंगी येऊन अर्धा तास छान शांत वाटलं, तर तू बसल्या बसल्या झोपलास. लोक याच्या उलट समजतात. भटकण्याला ते नापास होणं मानतात आणि आठवड्यात सोडून देतात, जसं मी सोडलं होतं.

दहाच का, असं तू विचारशील, तुला सवय आहे. दीड हजार वर्षांपूर्वी, म्हणजे पाचव्या शतकात, श्रीलंकेत बुद्धघोष नावाचे भिक्खू होऊन गेले. श्वास मोजण्याबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय की पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत थांबलं तर अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं मन तडफडतं. दहाच्या पुढे गेलं तर ते श्वासाला सोडून आकड्यालाच धरून बसतं. त्यांचा अजून एक दाखला मला फार आवडतो, कारण तो आपल्या गेटमनचा आहे. नगराच्या वेशीवरचा द्वारपाल गावात कोण फिरतंय आणि बाहेर कोण हिंडतंय याच्या मागे जात नाही. दारात जो येईल तेवढ्यालाच तो बघतो. श्वासाच्या मागे छातीत, पोटात, बाहेर हवेत धावायचं नाही. नाकाच्या दारात उभं राहायचं. लेव्हल क्रॉसिंगवरचा आपला माणूस आठव, तो कधी गाडीमागे धावतो का?

शांत बसलेल्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस पडतात. म्हणजे दहाचा एक फेरा मिनिटाच्या आतच होतो. पहिले पंधरा दिवस पाच मिनिटं बस, फोनवर गजर लावून. गजर हवाच, नाहीतर ‘किती झालं’ हाच विचार श्वासाच्या जागी बसतो. मग दहा मिनिटं. वीसच्या पुढे जायची घाई नको. एका दिवशी तासभर आणि मग आठ दिवस काही नाही, यापेक्षा रोजची पाच मिनिटं कितीतरी खरी.

पण रोज म्हणजे कधी, हाच आपल्या लोकांचा मोठा प्रश्न. पुस्तकात पहाटेची वेळ लिहिलेली असते, आणि तुझी पहाट कधी भुसावळला तर कधी इगतपुरीला. म्हणून घड्याळाला बांधू नकोस, कामाला बांध. साइन ऑन करताना, म्हणजे ड्यूटीवर हजर होताना, तू यंत्रात श्वास फुंकतोसच. दारू प्यायलेलो नाही एवढं दाखवून आपण पुढे जातो. त्यानंतर बाजूला होऊन तीन श्वास मोज, उभ्याउभ्याच. कुणाला कळणारही नाही. आणि मोठी बैठक साइन ऑफनंतर, अंघोळ करून, जेवणाआधी. जेवल्यावर बसलास तर डुलक्याच येतील. नाइट करून आलेल्या दिवशी बैठक सोड आणि झोप. तो नियम मोडणं नाही, शहाणपण आहे.

इंजिनावर मात्र यातलं काही करायचं नाही. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय असं समज. चालत्या गाडीत श्वास मोजायचा नाही, नजर आत वळवायची नाही. तिथे तुझं ध्यान सिग्नलवर. आणि खरं बघ, आपल्याकडे त्यासाठी केवढी चांगली पद्धत आहे: सिग्नल दिसला की हात करून मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने ते परत म्हणायचं. बरेच जण ओठांतल्या ओठांत पुटपुटतात. तू स्पष्ट म्हण. ‘डबल येलो’ म्हणताना खरंच दोन पिवळे दिवे बघून म्हण, सवयीने नको. खुर्चीवरच्या पाच मिनिटांत तू ज्याचा सराव करतोस, ते इथे कामी येतं. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं, घाट उतरताना. मन घराकडे गेलं होतं आणि ते गेलंय हे मला पूर्वीपेक्षा खूप आधी कळलं.

आता सगळ्यात अवघड भाग. बसल्यावर तो प्रसंग समोर येईल. आज नाही तर चार दिवसांनी. आला तर त्याच्याशी झुंजू नकोस, आणि ‘मला सगळं सहन करता आलं पाहिजे’ म्हणून त्यात बुडूनही राहू नकोस. मोजणं सोडून दे. पावलं जमिनीवर दाब. खोलीतल्या पाच वस्तू बघ आणि त्यांची नावं मोठ्याने घे: पंखा, डबा, बॅग, खिडकी, टॉवेल. गार पाणी पी. मग श्वास बरा चालत असेल तर पुन्हा ‘एक’, नसेल तर त्या दिवशी उठ आणि कुणाशी तरी बोल. कसारा-इगतपुरीच्या थळ घाटात कॅच साइडिंग कशाला ठेवल्यात ते तुला माहीत आहे. उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर तिला चढावर वळवून थांबवायला. वळवावी लागली म्हणून ड्रायव्हर वाईट ठरत नाही, लोक वाचतात. तुझी पावलं आणि तो पंखा-डबा म्हणजे तुझी साइडिंग. रोज तीच वेळ येत असेल तर बैठक काही आठवडे बंदच ठेव आणि डॉक्टरांना सांग.

तू विपश्यनेचंही विचारलंयस, इगतपुरीला काका राहतात म्हणून. इथलं विपश्यनेचं केंद्र, धम्मगिरी, माझ्या गच्चीतून दिसतं. सत्यनारायण गोएंका मूळचे ब्रह्मदेशातल्या मंडालेचे. रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते विपश्यना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले, आणि १९७६ मध्ये हे केंद्र उभं राहिलं. दहा दिवसांचं शिबिर असतं. पहाटे चारला घंटा, पूर्ण मौन, फोन जमा. पैसे मागत नाहीत, आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर चालतं. पहिले तीन दिवस नुसता श्वासच, त्याला ते आनापान म्हणतात. त्यांच्या पद्धतीत मोजणी नाही आणि मनात शब्दही नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तिथे गेल्यावर गोंधळ होणार नाही. मी तिथे बसलोय आणि मला त्याचा फार उपयोग झाला.

पण तू आत्ता जाऊ नकोस. दिवसाचे दहा-अकरा तास मिटल्या डोळ्यांनी, कुणाशी न बोलता बसायचं, हे ताजी जखम असलेल्या माणसाचं काम नाही. अर्जातही तब्येतीचं आणि मनाचं विचारतात, तिथे खरं लिहावं लागतं. वर्षभर जाऊ दे. झोप जागेवर येऊ दे. मग रजा टाक, मीच तुला गेटपर्यंत सोडायला येईन.

मोजणी जन्मभर करायची का, हे राहिलं. नाही. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागतो, कारण एकास सदतीसचा चढ गाडीच्या इंजिनाला एकट्याने झेपत नाही. इगतपुरीला तो काढून घेतात आणि गाडी आपल्या बळावर नाशिककडे जाते. आकडे तसेच आहेत. काही महिन्यांनी एखाद्या दिवशी तुला आकडे जड वाटतील, श्वास नुसताच दिसत राहील. तेव्हा सोड. दुसऱ्या दिवशी मन पुन्हा उधळलं तर पुन्हा जोड. मी अजूनही कित्येकदा जोडतो. परवा तुझं पत्र वाचल्यावर रात्री मी बसलो आणि बराच वेळ चारच्या पुढे गेलो नाही.

पुढच्या महिन्यात तुझी लिंक इकडे येते आहे असं लिहिलंयस. रनिंग रूममध्ये जेवू नकोस, घरी ये. काकू भाकरी करेल. स्टेशनच्या पश्चिमेच्या बाजूने आलास तर दहा मिनिटांची वाट आहे. त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन आलास की मला फोन कर, कितीही वाजले असोत. मी रात्री तसाही लवकर झोपत नाही.

तुझा,
काका