येळवशीला मोडलेला संकल्प

"ताई, वय 44, वजन 68 किलो. मागच्या महिन्यात उपाशीपोटी साखर 112 आली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, पण सांभाळा. 1 जानेवारीपासून पहाटे पाचला चालणं, चहा बंद (एरवी दिवसाचे चार कप), भात बंद, रात्री फक्त फळं. येळवशीला (मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण) शेतात आंबील-भज्जी झाली, मग हुरडा, मग तीळगूळ. चालणंही सुटलं. सासूबाई म्हणतात, दरवर्षीचंच आहे हे. माझ्यातच जिद्द नाही का?"
– एक वाचक, औसा तालुका

ताई, जिद्द आहे. पण एकाच दिवशी चार सवयी मोडायला पुरेल एवढी कुणाकडेच नसते, त्यात जानेवारीतली पहाट!

112 चं आधी बघू. उपाशीपोटी 100 ते 125 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. इथून मागे फिरता येतं. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशाच लोकांना 7 टक्के वजन उतरवायला आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करायला लावलं. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी राहिलं. तुमचे 7 टक्के म्हणजे पावणेपाच किलो, तेही सहा महिन्यांत उतरले तरी पुष्कळ.

सुरुवात चहापासून करा, पण तो बंद करू नका. एकदम सोडला की डोकं दुखतं आणि चौथ्या दिवशी कप परत हातात येतो. कपाला दोन चमचे धरले तर दिवसाची साखर 40 ग्रॅम होते. खरी अडचण पातेल्याची आहे: सगळ्यांचा चहा एकत्र उकळतो, साखर आधीच पडलेली असते. म्हणून साखर न घालता उकळा, तुमचा कप गाळून घ्या, मग उरलेल्यात साखर टाकून एक उकळी द्या. तुमच्या कपात पहिले दहा दिवस दीड चमचा, पुढचे दहा दिवस एक, मग अर्धा. गुळाचा चहा हा उपाय नव्हे, गूळही साखरच.

पहाटेचं चालणं सोडून द्या. रात्री जेवण झालं की भांडी नंतर, आधी दहा मिनिटं गच्चीवर. जेवणानंतर चाललं की रक्तात आलेली साखर स्नायू वापरतात. दोन आठवड्यांनी दुपारीही दहा मिनिटं, महिन्याभराने दोन्ही वेळा पंधरा. आठवड्यातले पाच दिवस जमलं की 150 झाली.

रात्री नुसती फळं खाल्ली की दहा वाजता चिवड्याचा डबा उघडतोच. त्यापेक्षा एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, भरपूर पालेभाजी, काकडी. भात खायचा त्या दिवशी एक भाकरी कमी. ज्वारी चांगली म्हणून तीन-तीन भाकरी खाऊ नका.

येळवशीला काहीच मोडलं नव्हतं हो. भज्जीत डाळी, शेंगा आणि पालेभाज्याच तर असतात. मोडलं ते दुसऱ्या दिवशी, 'आता गेलंच' म्हणालात तेव्हा. एक दिवस चुकला तर चुकू द्या, सलग दोन नकोत. हुरडा खाल्ला त्या वेळची भाकरी वगळा, सोबतची शेव आणि गूळ चिमूटभर.

वजन आठवड्यातून एकदाच, सोमवारी उठल्यावर. तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (HbA1c) करून डॉक्टरांना दाखवा. मधेच कधी तपासली आणि 126 किंवा त्याहून जास्त आली तर तीन महिने थांबूही नका, लगेच दाखवा. सासूबाईंना यंदा संकल्पाबद्दल काही सांगू नका, रात्री गच्चीवर सोबतीला मात्र बोलवा.