त्या आईने घर गहाण ठेवलं, पण त्याआधी ऑर्डरी हातात होत्या

सोलापूरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अठरा वर्षांचा, यंदा कॉमर्समधून बारावी झाला. मराठीत रॅप लिहितो, मित्रांबरोबर गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो. आता चौघा मित्रांना मिळून स्वतःचं म्युझिक लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, आणि त्याच नावाचा टी-शर्ट-हुडीचा ब्रँड काढायचा आहे. त्यासाठी आठ लाख हवेत. घर आईच्या नावावर आहे, ते तारण ठेवून कर्ज काढ, असा मुलाचा हट्ट. "डेमंड जॉनच्या आईने घर गहाण ठेवलं म्हणून तो एवढा मोठा झाला. तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" असं तो विचारतो. ताई घरी ब्लाऊज शिवतात. त्यांनी विचारलंय, हा माणूस कोण आणि मी काय करू?

ताई, उत्तर आधी देते: घर तारण ठेवू नका. पण मुलाला "हे सोड आणि बँकेच्या परीक्षा दे" असंही सांगू नका. त्याने दाखला दिला तो माणूस, फुबू हा अमेरिकी कपड्यांचा ब्रँड काढणारा डेमंड जॉन, खरा आहे, त्याच्या आईने घर गहाण ठेवलं हेही खरं आहे. फक्त कुठल्या गोष्टीनंतर काय घडलं, हे छोट्या व्हिडिओत येत नाही. ते सविस्तर लिहिते. मुलाला शेजारी बसवून वाचा.

डेमंड जॉनचा जन्म १९६९ सालचा. तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या हॉलिस या वस्तीत वाढला. आई-वडील वेगळे झाले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याला डिस्लेक्सिया होता, म्हणजे वाचताना अक्षरं नीट लागत नसत. हॉलिस साधी वस्ती, पण हिप-हॉपच्या दृष्टीने मोठी जागा. रन-डीएमसी हा गट तिथलाच. त्यांनी १९८६ मध्ये आपल्या आदिदास बुटांवर गाणं केलं आणि पुढे त्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. रॅपर जे घालतो ते पोरं विकत घेतात, हे त्या वस्तीतल्या मुलांनी डोळ्यांसमोर पाहिलं होतं. पण हे कपडे विकणाऱ्या बड्या कंपन्यांना कृष्णवर्णीय गिऱ्हाईक आपलं वाटत नव्हतं. डेमंडच्या ब्रँडचं नाव त्यातूनच आलं: फुबू, म्हणजे 'फॉर अस, बाय अस'. आमच्यासाठी, आम्हीच केलेलं.

सुरुवात टोप्यांपासून झाली. १९९२ च्या सुमारास लोकरी टोपीचं टोक दोऱ्याने बांधायची फॅशन होती आणि ती टोपी २० डॉलरला विकली जात होती. डेमंडला ती महाग वाटली. शिवणकाम त्याला आईने शिकवलं होतं. शेजारच्या मित्राला घेऊन त्याने नव्वदेक टोप्या शिवल्या आणि जमैका अव्हेन्यूवर उभं राहून १० डॉलरला एक अशा विकल्या. एका दिवसात ८०० डॉलर जमले. ताई, तुमच्या मुलाने इथे थांबून विचार करावा. घरात शिवणयंत्र आहे, शिकवायला आई आहे. त्याने आजवर मशीनवर बसून एक तरी कपडा शिवलाय का?

त्यानंतर डेमंडने जे. अलेक्झांडर मार्टिन, कीथ पेरिन आणि कार्लटन ब्राऊन या मित्रांना सोबत घेतलं. हॉकी जर्सी, स्वेटशर्ट, टी-शर्टवर ते आपला लोगो लावू लागले. जाहिरातीला पैसे नव्हते. मग दहाएक जर्सी त्यांनी रॅपरांना व्हिडिओपुरत्या घालायला द्यायच्या आणि चित्रीकरण झालं की परत आणून पुढच्याला द्यायच्या, असं सुरू केलं. दोन वर्षांत तीसेक व्हिडिओंमध्ये फुबू दिसलं. बघणाऱ्यांना वाटलं, ही मोठी कंपनी आहे. त्याच भागातल्या एलएल कूल जे या नावाजलेल्या रॅपरने १९९३ मध्ये त्यांचा शर्ट घालून फोटो दिला. पुढे १९९७ मध्ये गॅप या दुसऱ्याच कपड्यांच्या कंपनीच्या जाहिरातीत तो फुबूची टोपी घालून आला आणि रॅपमध्ये 'फॉर अस, बाय अस' हे शब्दही घालून गेला. जाहिरातीचा खर्च गॅपचा होता.

या सगळ्या काळात डेमंड रेड लॉबस्टर या हॉटेलात वाढप्याची नोकरी करत होता. पाळ्यांच्या मधल्या वेळात फुबू. कपड्यांचं काम जसं वाढत गेलं, तसे हॉटेलातले तास कमी होत गेले. बड्या गुंतवणूकदारांच्या गोष्टींपेक्षा मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्या मुलांना ती जमण्यासारखी आहे.

आता घराकडे येऊ. १९९४ मध्ये हे मित्र लास वेगासला मॅजिक नावाच्या कापड-व्यापाराच्या प्रदर्शनात गेले. स्टॉल घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून हॉटेलच्या खोलीत माल मांडून दुकानदारांना तिथे बोलावलं. परतले तेव्हा ३ लाख डॉलरच्या ऑर्डरी होत्या. माल बनवायला पैसा हवा होता, तेव्हा त्या माऊलीने घर गहाण ठेवून १ लाख डॉलर उभे केले. घरातच शिवणयंत्रं बसली. म्हणजे त्या आईने मुलाच्या स्वप्नावर घर लावलं असं म्हणता येत नाही. दुकानदारांनी माल मागितला होता, किंमत ठरली होती, आणि मुलाचा माल रस्त्यावर विकला जातो हे तिने आधीच पाहिलं होतं.

एवढं असूनही ते पैसे पुरले नाहीत, आणि हा भाग तुमच्या मुलाने दोनदा वाचावा. कापड, यंत्रं, मजुरी यांत रक्कम संपत आली. दुकानदार पैसे देणार ते माल पोचल्यावर. २७ बँकांनी कर्ज नाकारलं. घर हातचं जायची वेळ आली. अखेर आईने उरल्यासुरल्या पैशांतून वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली, की ऑर्डरी आहेत, भांडवल हवं आहे. त्या जाहिरातीला प्रतिसाद देणाऱ्यांत सॅमसंगचा कापड विभाग होता. त्यांनी उत्पादनाचा खर्च उचलला. अट होती तीन वर्षांत ५० लाख डॉलरची विक्री. डेमंड सांगतो की तीन महिन्यांतच ३ कोटी डॉलरचा माल गेला. १९९८ मध्ये फुबूची वर्षाची विक्री ३५ कोटी डॉलरवर पोचली. पण ती जाहिरात कुणाच्या नजरेला पडलीच नसती तर? ऑर्डरी असलेला, वस्तीत नाव असलेला मुलगाही घर गमावण्याच्या दारात उभा होता. तुमच्या मुलाकडे आज एकही ऑर्डर नाही.

मोठं झाल्यावरही घसरण आलीच. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत फुबूचा माल पडून राहू लागला, सवलतीच्या दुकानांत दिसू लागला, आणि कंपनीने परदेशातल्या विक्रीवर भर दिला. फॅशनच्या धंद्यात न विकलेला माल माणसाला बुडवतो. डेमंड नंतर गुंतवणूकदार झाला आणि २००९ पासून अमेरिकेतल्या शार्क टँक या टीव्ही कार्यक्रमात दिसतो. तुमच्या मुलाने त्याला तिथेच पाहिलं असणार.

संगीताचं थोडक्यात सांगते. फुबूने २००१ मध्ये रॅपचा स्वतःचा अल्बमही काढला, पण कंपनीचं नाव राहिलं ते कपड्यांमुळेच. या माणसाच्या बाबतीत गाण्याने गिऱ्हाईक आणलं आणि शर्टाने पैसा आणला. म्हणून लेबल काढायची घाई नको. चौघांनी आपली गाणी करत राहावं.

पुढचं थेट मुलासाठी.

बाळा, यूट्यूबवरून 'फ्री' म्हणून उतरवलेल्या बीटवर, म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या तयार संगीतावर, गाणं केलं असशील, तर त्या बीटच्या अटी आज वाच. बहुतेक वेळा ती कमाई न करण्याच्या अटीवर फुकट असते. पैसे मिळवायचे असतील तर परवाना विकत घ्यावा लागतो आणि त्याची पावती जपून ठेवावी लागते. गाण्याचे शब्द तुझे आहेत, तेव्हा गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व गीतकार म्हणून घेता येतं.

कपड्याचं म्हणशील तर शाळेच्या गणवेशांसाठी सोलापूरचं नाव देशभर आहे. एखाद्या गारमेंट युनिटमध्ये सहा महिने हेल्पर म्हणून लाग. कटिंग मास्टरच्या शेजारी उभा राहा. एका ताग्यातून किती नग निघतात, वाया किती जातं, उधारी किती दिवसांची चालते, हे तिथेच कळेल. मात्र गणवेशाचं कापड मागावर विणलेलं असतं आणि टी-शर्टचं ताणलं जाणारं, होजिअरीचं. त्याला ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशीन लागतं, आईच्या साध्या मशीनवर गळ्याची ताणणारी पट्टी (रिब) नीट बसणार नाही. म्हणून सुरुवातीला कोरे टी-शर्ट तिरुपूरहून घाऊक मागव, जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) विचारून घे, एक धुवून बघ, मग स्क्रीन प्रिंट कर. पन्नास नग. त्यांचं भांडवल आठ लाख नसतं, काही हजारांत होतं, आणि ते तू हेल्परच्या पगारातून उभं करू शकतोस.

ते पन्नास नग ओळखीच्यांना वाटू नकोस, वीक. नातेवाइकांनी घेतलेले बाजूला काढ आणि अनोळखी माणसांनी किती घेतले ते वहीत लिही. कुठला साईज आधी संपला, कुठला पडून राहिला, तेही लिही. अनोळखी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागायला आलं की पुढचे शंभर काढ. त्यानंतर पैसा कमी पडला तर घराच्या आधी मुद्रा कर्ज आहे, त्यातल्या छोट्या रकमांना तारण लागत नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात होते. ही विक्रीची वही तिथे घेऊन जा.

शिक्षण सोडू नकोस. डिझाईनची खरी ओढ असेल तर खारघरच्या निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेत बी.डेस. ही डिझाईनची पदवी आहे, त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते. कपडेनिर्मितीच्या बी.एफ.टेक.ला मात्र बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, त्यामुळे तो रस्ता तुला नाही. फी परवडत नसेल तर आयटीआयचा शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड कर. मुलींचा कोर्स म्हणून मित्र हसतील, हसू देत. नाहीतर सोलापुरातच बी.कॉम. आणि सोबत युनिटमधलं काम. तुझ्या परिस्थितीत मला हाच पर्याय सगळ्यात बरा वाटतो, कारण कॉस्टिंग आणि जीएसटी तुला कॉलेजात शिकवतील आणि संध्याकाळी त्याचा उपयोग दिसेल.

ताई, एक काम मात्र या आठवड्यातच करून घ्या. चौघा मित्रांना तुमच्या घरी बोलवा आणि कागदावर लिहायला लावा: ब्रँडचं नाव कुणाचं, कोण किती पैसे घालणार, काम कुणाचं काय, गाण्यांचे हक्क कुणाकडे, आणि उद्या एखाद्याला पुण्यात नोकरी लागून तो निघून गेला तर त्याचा हिस्सा कसा द्यायचा. नावाचा ट्रेडमार्क कपड्यांच्या पंचविसाव्या वर्गात नोंदवतात, छोट्या व्यावसायिकाला त्याचं ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये आहे. अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हेही त्याच कागदावर ठरू द्या. मसुदा तयार झाला की मला पाठवा. स्टॅम्प पेपरवर जाण्याआधी मी तो वाचून देईन.