24 व्होल्टच्या ट्रॉलरवर बॅटऱ्या रात्रभर टिकत नाहीत. 200 एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम टाकू की ट्यूब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांची ॲसिडची बॅटरी?

सध्या दोन्ही नको. आधी हे सांगा, तुमचा वायरलेस आणि फिशफाइंडर 12 व्होल्टवर चालतात ना? मग बोटीवर ते 12 व्होल्ट येतात कुठून?

तुम्ही लिहिलंय की 100 एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत, इंजिनवर फिरून बॅटऱ्या भरणारा ऑल्टरनेटर 35 अँपिअरचा आहे, रात्री नांगरावर असताना दिवे, जीपीएस वगैरे चालू असतं आणि पहाटे सेल्फ इंजिन उचलत नाही. 12 कुठून घेतलेत ते लिहिलेलं नाही. कोणीच लिहीत नाही. वायरमन येतो, दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पट्टीवरून एक वायर ओढतो, 12 मिळाले की चहा पिऊन निघून जातो.

याच वायरीवरून आमच्या घरात अजून वाद आहे, म्हणून इतकं लिहितोय.

दाजींची बोट हर्णैची, गिलनेटची. जाळी सोडली की इंजिन बंद करून रात्रभर वाहत राहायचं, म्हणजे रात्रीचा सगळा भार बॅटरीवर. दर हंगामाला बॅटऱ्यांची नवी जोडी यायची आणि दर हंगामाला दाजी कंपनीला शिव्या घालायचे. मी आयटीआय केलेला, बोटींचं वायरिंग हेच माझं पोट. पण सासरच्या माणसाला साल्याने शिकवायचं नसतं, त्यामुळे मी गप्प. मग एका पहाटे सेल्फ मारला तर नुसतं टक टक. वायरलेस उचलला तर तोही मेलेला, कारण तो त्याच बॅटरीवर. शेवटी टॉर्च हलवून लांबच्या बोटीला बोलावलं, दोर टाकून ओढत आणलं, तोपर्यंत लिलावाची वेळ टळून गेली. सुरमई मिळेल त्या भावात द्यावी लागली. दाजी किनाऱ्यावर उतरले ते थेट 150 एएचची जोडी सांगायला. दुकानदारही म्हणाला, मोठीच घ्या. तो दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी मी मीटर घेऊन बोटीवर गेलो. एक बॅटरी 12.8, दुसरी 11.7. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या. इंजिन चालू करून बघितलं तर दोन्ही मिळून 28.2. दाजी म्हणाले, "बघ, 28 दाखवतंय ना? चार्जिंग बरोबर आहे. बॅटऱ्याच टाकाऊ." मी म्हटलं, दाजी, एकेक मोजू. वरचीवर, म्हणजे 24 च्या टोकाकडचीवर 14.9, खालचीवर, म्हणजे अर्थकडचीवर 13.3. बेरीज बरोबर, वाटणी चूक. वरचीची झाकणं उघडली तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं.

सिरीजमध्ये चार्जिंगचा करंट दोन्हीतून तोच जातो. पण 12 व्होल्टचा भार फक्त खालचीवर. ऑल्टरनेटरने 10 अँपिअर दिले आणि वायरलेस, जीपीएस, दिव्यांनी 6 खाल्ले, तर वरचीला पूर्ण 10 मिळतात, खालचीला उरलेले 4. वरची आधी भरते, तिचा व्होल्टेज चढतो, चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरला बेरीज 28 दिसते आणि तो हात आखडतो. रोज वरची उकळते, खालची उपाशी राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. सहा महिन्यांत दोन्ही गेल्या, एक जास्त चार्जिंगने, दुसरी कमी चार्जिंगने. यात कंपनीचा काय दोष?

उपाय म्हणजे 24 चे 12 करणारा डीसी कन्व्हर्टर, 20 ते 30 अँपिअरचा. तो दोन्ही बॅटऱ्यांवरून मिळून घेतो. पट्टीवरून 12 साठी ओढलेली ती मधली वायर तोडून फेकून द्यायची, पट्टी तशीच ठेवायची. दाजींचं म्हणणं असं की कन्व्हर्टर म्हणजे दर्यात बिघडणारी आणखी एक वस्तू. हे खोटं नाही, एक जादा ठेवा आणि वायरलेससाठी वेगळा लावा. पण शेवटी लावला त्यांनीच, बॅटऱ्याही आता टिकतात, आणि बंदरात मात्र सांगतात, कंपनी बदलली म्हणून फरक पडला! असो.

आता तुमचा हिशेब. फिशफाइंडर, जीपीएस, वायरलेस स्टँडबायवर आणि एलईडी दिवे मिळून 12 व्होल्टला 6 अँपिअर धरा. वायरलेसवर बोलताना तो एकटाच 5-6 ओढतो, पण ते थोडा वेळ. दहा तासांचे झाले 60 एएच. मधल्या वायरीने घेतले तर ते सगळे एकट्या खालचीतून, म्हणजे ती अर्ध्याखाली गेली, आणि सकाळी सेल्फही तिच्यातूनच. कन्व्हर्टरने घेतले तर त्याची खोट धरून प्रत्येकीतून 33 च्या आसपास. तुमच्या आहे त्याच जोडीत रात्र निघते. जोडी अजून धड असेल तर, आणि ट्रकच्या पातळ प्लेटांची नसेल तर.

बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा संच वाढवायचाच असेल तर सेल्फची जोडी वेगळी करा आणि तिला रात्रीच्या भारासाठी हात लावू नका. ट्यूब्युलर घ्यायची ती रात्रीच्या भाराच्या जोडीला. जुनीच्या जोडीला नवी लावू नका, हे तुम्हाला माहीत असेलच.

ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर बघा. 10 स्क्वेअर एमएमची वायर चार मीटर जाऊन चार मीटर परत आली, की 35 अँपिअरला अर्धा व्होल्ट वायरीतच गेला. थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या टोपीवर, कळंक चढला असेल तर आणखी. मग मोठी बॅटरी आणून उपयोग काय, ती भरणार कशी? 25 ची टिन केलेली वायर घाला, थिंबल नीट क्रिम्प करा. पक्कडीने दाबलेलं थिंबल खाऱ्या हवेत टिकत नाही.

लिथियमचं म्हणाल तर वस्तू चांगली. पण ती मिळेल तेवढा करंट ओढते, ऑल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण भारावर चालतो, आणि इंजिन हळू चालत असेल तर त्याचा पंखाही हळू. जळतो. शिवाय भरल्यावर बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या राखणदार सर्किटने अचानक तोडलं, तर झटक्याने ऑल्टरनेटरचे डायोड उडतात. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतोच, तो न सांगता लिथियम विकणाऱ्याकडून घेऊ नका. घ्याल तर 24 ची अखंड घ्या, इंजिनजवळच्या उष्णतेत ठेवू नका आणि मधून 12 घ्यायचा विचारही करू नका.

सोलर लावा. 300 वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला किलोवॅट-तासाच्या आसपास देतं, तुमची रात्रीची गरज पाऊण किलोवॅट-तास. डोलकाठीची सावली पडली की मात्र यातलं बरंच जातं. आणि 1 जून ते 31 जुलैच्या बंदीत बोट शाकारलेली असते, पॅनेल ताडपत्रीखाली. तेव्हा बॅटऱ्या घरी आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. दाजी त्या बोटीवरच ठेवायचे. घरी आणल्या तर म्हणे सिमेंटच्या जमिनीवर उतरतात! हल्लीच्या प्लास्टिकच्या खोक्याला जमिनीने काही होत नाही, फळी घाला किंवा घालू नका.

एक राहिलं. तुमची बोट मी पाहिलेली नाही. सेल्फ किंवा अर्थची वायरच खराब असेल तर वरचं सगळं करूनही पहाट तशीच जाईल. ॲसिडच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, पेटी बंद करून ठेवू नका. आणि खारं पाणी आत गेलं तर क्लोरीन होतो, तेव्हा बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळात पाणी साचतं त्या जागेच्या, वर बसवा, नीट बांधून.

रात्र काढल्यावर इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा, मग इंजिन चालू असताना पुन्हा दोन्हींचे आणि ऑल्टरनेटरच्या बोल्टवरचे. ते आकडे इथे टाका, मग किती एएच ते सांगतो.