धुळ्यात मोडी शिकायला बसताना

पांझरेकाठी शिकायला आलास आणि मोडी या मराठीच्या जुन्या लिपीची ओढ लागली, फार छान भाऊ! १९२७ पासूनचं, जुने ऐतिहासिक कागद जपणारं राजवाडे संशोधन मंडळ इथेच आहे. पण लगेच तिथली जुनी दप्तरं (कागदांचे गठ्ठे) मागू नकोस.

आधी हाताने लिही. मोडीत शिरोरेघ आधी ओढतात, मग शक्यतो हात न उचलता अक्षरं. हे बोटांत उतरलं की वाचन सोपं होतं. रोज एक पान पुरे.

नवखे बहुतेक एकच चूक करतात: अंदाजाने शब्द ठोकतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांत मोकळी जागाही नसते. अडलं तिथे टिंबं ठेव, पुढे जा. तेच अक्षर खाली ओळखीच्या शब्दात सापडतं.

- जुन्या कागदाजवळ पेन नको, पेन्सिलच.
- शुहूर सनाचं, म्हणजे जुन्या कागदांतल्या कालगणनेचं, गणित सध्या सोड.