केस डिसमिस झाली, तरी घर का मिळत नाही?

अमेरिकेत भाड्याने राहणाऱ्या मराठी वाचकांची याच गोंधळाची पत्रं सतत येतात, म्हणून एकत्र उत्तरं देते.

घरमालकाने एविक्शनची (घर रिकामं करून घेण्याची) केस टाकली होती, ती डिसमिस झाली, म्हणजे कोर्टाने काढून टाकली. क्रेडिट स्कोअर पडेल का? (एडिसन)

नाही. तिन्ही मोठ्या क्रेडिट ब्युरोंनी २०१७ पासून दिवाणी निकालसुद्धा रिपोर्टमधून वगळले आहेत.

मग चांगला स्कोअर असूनही अपार्टमेंट का नाकारलं? (जर्सी सिटी)

कारण तुम्ही भलताच कागद तपासताय! क्रेडिट रिपोर्टशिवाय घरमालक टेनंट स्क्रीनिंग रिपोर्टही, म्हणजे भाडेकरूची पूर्वपीठिका सांगणारा अहवालही, मागवतो. तो बनवणाऱ्या कंपन्या कोर्टाच्या नोंदी घाऊक उचलतात. केस दाखल झाल्याची नोंद लगेच पोचते, डिसमिस झाल्याची अनेकदा पोचतच नाही. एकच केस अनेकदा दाखवणं, सील झालेल्या (कोर्टाने लोकांसाठी बंद केलेल्या) नोंदी देणं, निकाल चुकीचा लिहिणं, अशा आरोपांवरून ट्रान्सयुनियन या क्रेडिट ब्युरोच्या स्क्रीनिंग कंपनीला २०२३ मध्ये दीड कोटी डॉलर मोजावे लागले. रिपोर्टमुळे नकार दिला असेल, तर कंपनीचं नाव सांगणं घरमालकाला बंधनकारक आहे. ६० दिवसांत मागितलात तर तो रिपोर्ट फुकट मिळतो. चूक लेखी कळवा, सोबत केस डिसमिस केल्याच्या ऑर्डरची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत जोडा. कंपनीला साधारण ३० दिवसांत तपास करावाच लागतो. 'आपण सुटलो' म्हणून लोक ती ऑर्डर टाकून देतात, तेव्हा माझा जीव तुटतो. जपून ठेवा.

सात वर्षांनी नोंद आपोआप जाते असं ग्रुपवर वाचलं. थांबू का? (सॅन होजे)

अजिबात नाही. तोवर तुम्ही किती घरं गमावणार? शिवाय नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात केस टाकल्यापासून ६० दिवसांत घरमालक जिंकला नाही, तर नोंद सहसा लोकांसाठी खुली होत नाही. न्यूयॉर्कमध्ये जुन्या केसवरून घर नाकारायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या, समजा डॅलसच्या, मित्राचा सल्ला तुमच्या कामाचा नाही. काउंटीच्या लीगल एडला (कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला) विचारा.

क्रेडिट रिपेअरवाले (रिपोर्ट सुधारून देतो म्हणणाऱ्या कंपन्या) नोंद पुसायचे पैसे आगाऊ मागतात. (डॅलस)

देऊ नका. काम होण्याआधी पैसे घेणं त्यांना कायद्याने मना आहे.

केस डिसमिस झाली, पण घरमालक दोन महिन्यांचं भाडं बाकी आहे म्हणतो. (शिकागो)

क्रेडिटला खरा धोका इथे आहे. डिसमिस म्हणजे भाडं माफ, असं नसतं. थकबाकी कलेक्शन एजन्सीकडे (वसुली कंपनीकडे) गेली, तर सात वर्षं रिपोर्टवर राहू शकते. एजन्सीचं पत्र आल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घ्या. ऑर्डरवर 'विथ प्रेज्युडिस' (तीच केस पुन्हा टाकता येत नाही) आहे की 'विदाउट' (पुन्हा टाकता येते), ते बघा आणि पैसे देण्याआधी ती वकिलाला दाखवा. याच आठवड्यात.